खोली दोनशे चौदातल्या नव्या मुलीला

खिडकीकडचा पलंग घे.
दुसऱ्याची एक फळी मोडकी आहे,
आणि भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री
झोप न लागायला तेवढं निमित्त पुरतं.

मी केटाची, खाडीकाठच्या शाळेतली पहिली.
सूत्रं अशी पाठ की झोपेत उठवून विचारा.
कुमासीत आल्यावर पहिल्या चाचणीत
वीसपैकी तीन.
त्यातला एक बहुधा नाव नीट लिहिल्याचा.

उतारावर ठोकळा ठेवला होता त्यांनी.
माझा अभिलंब बाण सरळ वर, छताकडे,
रविवारच्या प्रार्थनेसारखा.
तो उताराला काटकोनात असतो, मुली.
सात आठवडे लागले मला एवढ्याला,
आणि कळलं तेसुद्धा वीज गेलेली असताना,
हरमटनची धूळ टेबलावर बसली होती
तिच्यात बोटाने चित्र काढता काढता.
(धूळ पुसू नकोस लगेच. कागद महाग आहे.)

शनिवारी अफ्रिये मला तिच्या मामांकडे घेऊन गेली,
सुआमेला, जिथे मैलभर नुसती गॅरेजं.
वोफा बाडू एका लॉरीच्या चाकाशी झटत होते.
नट गंजलेला, हलेना.
त्यांनी पान्याच्या दांड्यावर हातभर नळी चढवली,
दुसऱ्या टोकाला अगदी हलका हात ठेवला,
आणि नट कुरकुरत फिरला.
मी तिथेच, तेलकट पुठ्ठ्यावर,
बल गुणिले अंतर लिहून टाकलं.
पाठ केलेलं सूत्र पहिल्यांदा
डोळ्यांसमोर घाम पुसत होतं.

मग त्यांनी पाना पोराकडे फेकला आणि म्हणाले,
"बघ, माझ्या हाताचा जोर त्याच्यात भरलाय,
जोर संपला की पडतो."
मी तोंड उघडलं.
मिटलं.
कारण परवापर्यंत माझंही हेच मत होतं,
हवेतल्या चेंडूवर मी पुढच्या दिशेने
एक जाडजूड बाण काढायचे,
आणि डॉक्टर बोआहेने त्याच्याशेजारी लाल शाईत
एवढंच लिहायच्या: कोण ढकलतंय?

कोण ढकलतंय?
जिन्यात, जेवणाच्या रांगेत, ट्रोट्रोत, हाच प्रश्न.
मी मठ्ठ नव्हते गं,
डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणारी होते.
हा विषय म्हणजे स्वतःच्या डोळ्यांशी भांडण,
आणि डोळे काही लवकर हार मानत नाहीत.

बाकी काय सांगू?
उत्तराची वही वीस मिनिटं उशीखाली ठेव.
अडकणं म्हणजे वाया जाणं नव्हे,
पण एकविसाव्या मिनिटाला मात्र अफ्रियेचं दार वाजव,
खोली दोनशे नऊ, केळी तळत असेल.
उत्तर आलं की एककं बघ.
माझा ट्रोट्रो एकदा नऊ ग्रॅमचा निघाला होता,
बावीस माणसं आणि टपावरची बकरी धरून.
पुस्तक म्हणेल, घर्षण नगण्य माना.
मान.
पण सुआमेहून परतताना
चिखलात चाक जागच्या जागी फिरायला लागलं की
हसू येईल तुला, ते दाबू नकोस.

शेवटी मला एकसष्ट मिळाले.
अफ्रियेला चौऱ्याऐंशी, तेही तळता तळता.
फोनवर आईने विचारलं, कितीपैकी?
मी म्हटलं, शंभरपैकी.
धुरावर मासे उलटत असावी,
चुरचुर ऐकू आली थोडा वेळ,
मग म्हणाली, "म्हणजे अजून जागा आहे."

खणात तो नट ठेवलाय, फेकू नकोस.
पंखा तीनवर लावू नकोस, डुलतो.
का डुलतो ते दुसऱ्या सत्रात शिकवतात.
मी पास झालेय त्यातही,
तरी रात्री त्याच्याखाली झोपताना
पलंग जरा सरकवून घ्यायचे.